मधला थर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे छापलेला विषय वाचून मंडळातील दोघातिघा स्नेह्यांनी आमच्या प्रकृतीची चौकशी केली. 'सेंद्रिय सौरघट व किरणशोधक यांतील प्रभारवाहक थर' असा विषय. आणि वक्ता कोण, तर दहावीनंतर विज्ञानाशी फारकत घेतलेला कलाशाखेचा पदवीधर, ज्याची सारी हयात केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात गेली! स्नेह्यांची काळजी अनाठायी नव्हती. तेव्हा हा विषय आमच्या वाट्याला कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे.

गेल्या संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात मंडळातील एका वहिनींनी आम्हाला गाठले. त्यांचे माहेर आणि सासर दोन्ही कोल्हापूरकडची. यजमानांच्या नोकरीमुळे संसार म्हैसुरात. मुलगा कोल्हापूरला पदार्थविज्ञान शिकला आणि पुढील संशोधनासाठी दक्षिण कोरियात गेला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही एवढं वाचता, म्हणून विचारते. आमचा मुलगा पाच वर्षं काचेवर कसला तरी थर लावतोय. फोनवर विचारलं, की म्हणतो, 'आई, थर नीट बसत नाही.' आमच्या गल्लीत कल्हईवाला सकाळी यायचा आणि दुपारपर्यंत सगळ्या आळीची भांडी करून जायचा. मग याचा एक थर पाच वर्षांत का बसत नाही?"

यजमान शेजारीच उभे होते. ते एवढेच म्हणाले, "या वर्षी झालं तर ठीक, नाहीतर परत बोलावून घेतो. बँकेच्या परीक्षा आहेतच की." वहिनी त्यावर काही बोलल्या नाहीत. हातातील तिळगुळाची वाटी मात्र त्यांनी खाली ठेवली.

श्रोतेहो, प्रश्न विनोदाने विचारला गेला, परंतु त्याच्या उत्तरावर एका तरुणाच्या पाच वर्षांचा निकाल अवलंबून होता. आम्ही त्यांना उत्तर शोधण्याचे वचन दिले. पुढे कित्येक रविवारी त्या मुलाला फोनवर पिडून, मिळेल ते वाचून आणि न समजलेले पुन्हा वाचून जे पदरी पडले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. तज्ज्ञाचा अधिकार आम्ही सांगत नाही.

आरंभ आपल्या या गावापासूनच करू. दसऱ्यात राजवाड्यावरचे सुमारे लाखभर दिवे एकदम उजळतात, तेव्हा आपण सारेच क्षणभर मुके होतो. या मुलखात विजेचे युग अवतरले ते १९०२ साली. येथून जवळच शिवनसमुद्र येथे कावेरीच्या धबधब्यावर वीज निर्माण झाली आणि ती सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचविण्यात आली. त्या काळी एवढ्या लांबवर वीज नेणे ही जगात नवलाची गोष्ट होती. पाणी तर युगानुयुगे कोसळतच होते. जनित्रेही परदेशातून आणता येत होती. खरी कसोटी होती ती निर्माण झालेली वीज वाटेत न गळता दारापर्यंत पोचविण्याची. आजच्या आमच्या व्याख्यानाचे सारही हेच आहे. फरक इतकाच, की तेथील वाट १४७ किलोमीटरांची होती आणि वहिनींच्या मुलाच्या कामातील वाट केसाच्या जाडीचाही एक अल्पांश आहे.

आता सौरघट म्हणजे काय, ते पाहू. आपल्या छपरांवर दिसणारी निळी-काळी तावदाने सिलिकॉनची असतात. सूर्यप्रकाश पडला, की त्यातील इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि त्याच्या मागे एक रिकामी जागा उरते. तिला शास्त्रज्ञ 'होल' म्हणतात. ही रिकामी जागाही इकडून तिकडे सरकते. नाट्यगृहात एक माणूस उठून गेला आणि शेजारचे एकेक करून त्या बाजूस सरकले, तर रिकामी खुर्चीच उलट दिशेने चालल्यासारखी दिसते, तसाच हा प्रकार. इलेक्ट्रॉन एका टोकाला आणि होल दुसऱ्या टोकाला पोचला, की बाहेरच्या तारेतून वीज वाहू लागते.

सेंद्रिय सौरघटात सिलिकॉनऐवजी कार्बनयुक्त रेणूंचा किंवा प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थांचा पातळ लेप असतो. 'सेंद्रिय' म्हटल्यावर आपल्यापुढे गूळ आणि भाजीपाला उभा राहतो. त्याच्याशी याचा संबंध नाही. प्लास्टिक म्हणजे विजेला अडविणारा पदार्थ, असे आपण शाळेत शिकलो. परंतु काही प्लास्टिके वीज वाहून नेऊ शकतात, हे १९७७ साली हीगर, मॅक्डायर्मिड आणि शिराकावा यांनी दाखविले आणि त्याबद्दल २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. असे पदार्थ शाईसारखे विरघळविता येतात आणि वर्तमानपत्राप्रमाणे छापता येतात. वजनाला हलके आणि वाकविता येण्याजोगे घट त्यांतून होतात. सिलिकॉनला शुद्ध करण्यासाठी जी प्रचंड आच लागते, ती येथे लागत नाही. याचे आकर्षण उघड आहे.

परंतु या पदार्थांत एक खोड आहे. प्रकाशाने उठविलेला इलेक्ट्रॉन आपल्या होलला सहजी सोडीत नाही. दोघे जोडीनेच भटकतात, आणि भटकंतीची मजलही सुमारे १० नॅनोमीटरांची. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांश भाग. तेवढ्या अंतरात दुसऱ्या जातीच्या पदार्थाची सीमा भेटली, तर जोडी फुटते. न भेटली, तर दोघे पुन्हा एकमेकांत विलीन होतात आणि मिळालेली ऊर्जा वाया जाते. नाटकात नायक-नायिकेचे पुनर्मीलन झाले, की सुखाने पडदा पडतो. येथे पुनर्मीलन झाले, की विजेवरच पडदा पडतो! म्हणून दोन पदार्थ एकत्र आणावे लागतात, एक इलेक्ट्रॉन देणारा आणि एक घेणारा. कोडॅक कंपनीतील चिंग टँग यांनी १९८६ साली असा दोन थरांचा घट प्रसिद्ध केला. त्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. म्हणजे १०० भाग सूर्यऊर्जेतून १ भाग वीज. आज अशा प्रकारचे छोटे घट प्रयोगशाळांतून २० टक्क्यांच्या आसपास पोचले आहेत.

जोडी फुटली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. सरकारी कचेरीत ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. निर्णय होणे वेगळे आणि निर्णयाचा कागद अर्जदाराच्या हाती पडणे वेगळे. मध्ये टेबले असतात. एखाद्या टेबलावर कागद खाली दबतो, एखाद्या टेबलावरून चुकीच्या विभागात जातो, तर एखाद्यावरून जेथून आला तेथेच परत येतो. मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनच्या आणि होलच्या वाटेवरही अशीच टेबले आहेत. प्रकाश शोषणारा लेप आणि विजेचे टोक यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक अतिशय पातळ थर देतात. एक थर इलेक्ट्रॉनला वाट देतो आणि होलला अडवितो. दुसरा होलला वाट देतो आणि इलेक्ट्रॉनला अडवितो. यांनाच प्रभारवाहक थर म्हणतात. वहिनींचा मुलगा जो थर लावतो आहे, तो यांपैकी एक.

या थराकडून अपेक्षा किती असाव्यात? पहिली अपेक्षा ही, की त्याचा उंबरठा नेमक्या उंचीचा असावा. उंच झाला, तर इलेक्ट्रॉन ओलांडू शकत नाही. फार खाली गेला, तर इलेक्ट्रॉन धपकन पडतो आणि विजेचा दाब कमी होतो. दुसरी, त्याने चुकीच्या पाहुण्यास दारातूनच परत पाठवावे. तिसरी, तो प्रकाशाला पारदर्शक असावा. कारण बहुधा याच दारातून ऊनही आत येते. चौथी, त्यात भोक नसावे. सुईच्या टोकाहूनही लहान भोक राहिले, तर दोन टोके थेट भिडतात आणि घट मरतो. पाचवी, त्याच्या आत सापळे नसावेत, म्हणजे रेणूंच्या रचनेतील उणिवांत इलेक्ट्रॉन अडकून पडू नये. आणि सहावी, त्याने शेजाऱ्यांना खाऊ नये. ही शेवटची अपेक्षा सर्वांत अवघड असते, असे आम्हाला या शोधात कळले.

जाडीचा अंदाज यावा म्हणून सांगतो. झिंक ऑक्साइडचा असा थर साधारण ३० ते ४० नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड धरला, तर ४० नॅनोमीटरचे २,००० थर एकावर एक रचावे, तेव्हा एका केसाची जाडी भरेल. कल्हईवाल्याला भांड्याचा कोणता भाग राहिला, ते डोळ्यांनी दिसते आणि तो कापसाचा बोळा पुन्हा फिरवितो. येथे उणीव डोळ्यांना दिसत नाही. ती घट मेल्यावर कळते.

तरीही वहिनींनी कल्हईचे नाव काढले, ते फार नेमके काढले. पितळेच्या भांड्यात आंबट ताक ठेवले, की ते कळकते. आंबट पदार्थ धातूला खातो आणि त्याचे विष अन्नात उतरते. म्हणून कल्हईवाला भांडे तापवितो, नवसागर टाकून त्यावरील मळ काढतो आणि कथलाचा पातळ थर सर्वत्र फिरवितो. पितळ आणि ताक दोघेही आपापल्या जागी चांगलेच असतात. त्यांना एकमेकांपासून जपणारा मधला थर तेवढा हवा असतो.

सौरघटांच्या इतिहासात हीच गोष्ट घडली. होल वाहून नेण्यासाठी पुष्कळ वर्षे पेडॉट-पीएसएस नावाचा वाहक प्लास्टिकचा द्रव वापरला गेला. हा पदार्थ फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साठू नये म्हणूनही वापरीत. तो पाण्यात मिसळतो, सहज पसरतो आणि छान पारदर्शक थर देतो. परंतु तो आम्लधर्मी आहे. ज्या पारदर्शक वाहक काचेवर तो लावतात, तिच्यावर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा लेप असतो. हा द्रव हळूहळू तो लेप खातो, शिवाय हवेतील दमटपणा ओढून घेतो. म्हणजे भांड्याला वाचविण्यासाठी लावलेली कल्हईच भांडे कळकविते!

मग घट उलटा बांधण्याची युक्ती निघाली. काचेच्या बाजूस झिंक ऑक्साइडचा थर द्यावा, त्याने इलेक्ट्रॉन गोळा करावेत आणि होलची वाट वरच्या बाजूने काढावी. झिंक ऑक्साइड आपल्याला परके नाही. आपल्या वैद्यांचे यशदभस्म ते हेच. घटांचे आयुष्य वाढले. परंतु २०१५ नंतर इलेक्ट्रॉन घेणारे नवे, अधिक कार्यक्षम रेणू आले आणि नवीच अडचण उभी राहिली. उन्हातील अतिनील किरण झिंक ऑक्साइडवर पडले, की ते चेतते आणि शेजारच्या त्याच नाजूक रेणूंची मोडतोड करू लागते. ज्या उन्हासाठी घट बांधला, तेच ऊन मधल्या थराच्या हातून घटाचा घात करते. यावर आज अनेक दिशांनी उपाय चालू आहेत. कोणी झिंक ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनियमचा अंश मिसळतात. कोणी त्यावर आणखी एक पातळ संरक्षक थर देतात. कोणी अवघ्या एका रेणूच्या उंचीचा थर काचेवर आपोआप बसेल, अशी योजना करतात. आणि पुष्कळजण वळले आहेत ते कथलाच्या ऑक्साइडकडे, कारण अतिनील किरणांत ते तितके चेतत नाही. श्रोतेहो, वहिनींचा मुलगा पाच वर्षे जो थर लावतो आहे, तो कथलाच्या ऑक्साइडचाच आहे! त्याने फोनवर हे सांगितले, तेव्हा आम्ही खुर्चीवरून उठून उभे राहिलो. आईने थट्टेने दिलेली उपमा अक्षरशः खरी होती.

येथे कोल्हापूरची कथा सांगितली पाहिजे, कारण ती आपली आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ सालची. पदार्थांचे पातळ थर उत्तम प्रकारे बसविण्यासाठी साधारणतः हवा काढून घेतलेल्या निर्वात पेटीची महागडी यंत्रे लागतात. त्यांवाचूनही चांगले थर बसविता येतात, असा मार्ग कोल्हापूरच्या पदार्थविज्ञान विभागातील संशोधकांनी वर्षानुवर्षे चोखाळला. एक मार्ग फवाऱ्याचा. धातूच्या क्षाराचे पाणी तापलेल्या काचेवर बारीक तुषारांनी फवारले, की पाणी उडून जाते, क्षाराचे विघटन होते आणि काचेवर ऑक्साइडचा थर राहतो. दुसरा मार्ग बुडविण्याचा. काच एका द्रावणात बुडवावी, धुवावी, दुसऱ्या द्रावणात बुडवावी, पुन्हा धुवावी. प्रत्येक फेरीत थर किंचित वाढतो. मेणबत्ती करणारा वात पुन्हा पुन्हा मेणात बुडवितो, तसेच. प्रा. प्रमोद पाटील यांनी फवारा पद्धतीवर १९९९ साली लिहिलेला विस्तृत आढावा आणि प्रा. चंद्रकांत लोखंडे यांनी प्रा. माने यांच्यासह रासायनिक थरलेपनावर २००० साली लिहिलेला आढावा हे दोन्ही जगभरच्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा उद्धृत केले आहेत. चंची, काचपात्रे, तापपट्टी आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली ही परंपरा आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या परंपरेत तयार झालेले अनेक विद्यार्थी पुढे दक्षिण कोरियात गेले. त्यांपैकी डॉ. सावंता माळी यांचे नाव या क्षेत्रात सुपरिचित आहे. ग्वांगजू शहरातील चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठात प्रा. चांग कूक होंग यांच्यासमवेत त्यांनी पेरोव्हस्काइट जातीच्या सौरघटांवर काम केले. पेरोव्हस्काइट हे विशिष्ट स्फटिकरचनेचे नाव आहे. हे घट पूर्णतः सेंद्रिय नव्हेत. तथापि दोन प्रभारवाहक थरांमध्ये प्रकाश शोषणारा लेप, ही त्यांची बांधणी सेंद्रिय घटांसारखीच असते. १९ व्या शतकात रशियातील उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजावरून हे नाव पडले. सीझियम, शिसे आणि आयोडीन यांच्या एकाच संयुगाचे दोन भिन्न स्फटिकरूपांतील थर एकावर एक बसवून या गटाने २१.५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळविली आणि ते संशोधन २०२३ साली 'नेचर एनर्जी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या पद्धतींनी ते थर बसविले, त्यांतील एकीत गरम हवेचा झोत वापरला होता. फवाऱ्याच्या आणि तापलेल्या काचेच्या शाळेत शिकलेल्या हातांना ती युक्ती परकी वाटली नसावी, असे आमचे आपले अनुमान.

आता विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे किरणशोधकांकडे वळतो. त्यासाठी पुन्हा कोलारला जावे लागेल. शिवनसमुद्राच्या विजेने ज्या खाणी चालल्या, त्याच खाणींत १९६५ साली जमिनीखाली सुमारे २,३०० मीटर खोलीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपान आणि इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनो कणांची चाहूल प्रथम टिपली. त्या शास्त्रज्ञांत बी. व्ही. श्रीकंठन होते. ते आपल्या शेजारच्या नंजनगूड भागातले. हेच पुढे १९७५ ते १९८७ या काळात मुंबईच्या त्या संस्थेचे संचालक होते. आपण महाराष्ट्र सोडून म्हैसुरात येऊन राहिलो, तसे म्हैसूरच्या या सुपुत्राने आयुष्याची उमेद मुंबईत वेचली. ही देवाणघेवाण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कोलारच्या त्या उपकरणांत एका खास प्लास्टिकचे तुकडे होते. त्यांतून वेगवान कण गेला, की क्षणभर मंद प्रकाश चमकतो आणि तो प्रकाश टिपून विजेच्या स्पंदात रूपांतरित करतात. म्हणजे किरण, मग प्रकाश, मग वीज, असा वळसा पडतो. आजच्या संशोधकांचा प्रयत्न असा आहे, की हा वळसा टाळावा. किरण पडताच पदार्थात इलेक्ट्रॉन आणि होल निर्माण व्हावेत आणि ते थेट मोजावेत. रुग्णालयातील काही क्ष-किरण यंत्रांत, विशेषतः स्त्रियांच्या स्तनांच्या तपासणीच्या यंत्रांत, सेलेनियमचा जाड लेप असेच काम करतो. त्यावर हजार-दोन हजार व्होल्टचा दाब देऊन प्रभार ओढून घेतात. पेरोव्हस्काइटचे असे शोधक २०१५ पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि २०१७ साली कोरियातील संशोधकांनी मोठ्या आकारात छापता येणारा क्ष-किरणपट 'नेचर' नियतकालिकातून जगापुढे ठेवला.

येथेही मधल्या थराखेरीज गत्यंतर नाही. मात्र त्याची भूमिका बदलते. सौरघटात त्याने आतल्याला बाहेर पोचवावयाचे असते. शोधकात, एवढ्या मोठ्या दाबाखाली, बाहेरच्या टोकाकडून प्रभार आत घुसू पाहतात. क्ष-किरण पडले नसतानाही थोडा प्रवाह वाहतो. त्याला काळोखातील प्रवाह म्हणतात. सभागृहात गलका असेल, तर हलक्या आवाजातील वक्त्याचे ऐकू येत नाही, तसे या प्रवाहाच्या गलक्यात क्षीण किरणांची खूण हरवते. मग चित्र स्पष्ट यावे म्हणून रुग्णाला अधिक मात्रेचे किरण द्यावे लागतात. मधला थर जर दाराशी चोख उभा राहिला, आतल्यांना जाऊ दिले आणि बाहेरच्यांना अडविले, तर गलका शमतो आणि कमी मात्रेत स्वच्छ चित्र मिळते. सौरघटातील थर नीट बसला, तर वीज वाढेल. शोधकातील थर नीट बसला, तर तपासणीच्या मेजावर पडलेल्या आपल्या आयाबहिणींच्या अंगात शिरणारे किरण कमी होतील. चाळीस नॅनोमीटरांच्या कामाला क्षुल्लक म्हणण्याचे धाडस आम्हाला तरी होत नाही.

आता मूळ प्रश्न. कल्हईवाल्याचा थर दुपारी बसतो, याचा पाच वर्षांत का बसत नाही? आम्ही हाच प्रश्न त्या मुलाला विचारला. तो म्हणाला, "काका, थर बसतो. दुसऱ्या दिवशीही असतो. पण नंतर टिकत नाही."

वहिनींना फोनवर ऐकू आलेल्या 'बसत नाही' या शब्दांचा खरा अर्थ 'टिकत नाही' असा होता. छपरावरच्या सिलिकॉन तावदानांना कारखानदार बहुधा २५ वर्षांची हमी देतात. त्यांना बाजारात उतरण्यापूर्वी ज्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांतील एक अशी : ८५ अंश सेल्सिअस उष्णता, ८५ टक्के दमटपणा आणि १,००० तास, म्हणजे जवळजवळ ४२ दिवस. नव्या जातीचे घट कार्यक्षमतेच्या शर्यतीत पुढे येतात आणि या परीक्षेत मात्र अडखळतात. पुष्कळदा दोष मुख्य लेपाचा असतो. पण पुष्कळदा तो सीमेवरचा, मधल्या थराचा असतो. शिवाय विक्रम होतात ते नखाएवढ्या घटांवर. तोच थर दाराएवढ्या काचेवर सारखा बसविणे ही निराळीच तपश्चर्या आहे. पेरोव्हस्काइटात शिसे आहे. ते पावसाच्या पाण्याने झिरपू नये, याचीही तजवीज करावी लागते. म्हणून मंडळाच्या छपरावर सौर तावदाने बसविण्याचा जो विचार चालू आहे, त्याबाबत आमचे मत विचाराल, तर नव्याची वाट पाहत थांबू नये. सिलिकॉनची आजच बसवावीत. नवे यावयाचे तेव्हा येईल, आणि ते लवकर यावे म्हणूनच तर ही मुले खपत आहेत.

टिकाऊपणाचा एक प्रयोग म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. घट बांधावयाचा, पेटीत ठेवावयाचा, महिना-दीड महिना रोज मोजावयाचा. पस्तिसाव्या दिवशी तो मेला, तर का मेला ते शोधावयाचे, एक गोष्ट बदलावयाची आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून आरंभ करावयाचा. एकाच पेटीत अनेक घट ठेवता येतात, हे खरे. पण काळाला घाई करता येत नाही. अशा किती फेऱ्या पाच वर्षांत बसतील, याचा हिशेब आपणच करावा. आमच्या कचेरीत एखादे प्रकरण पाच वर्षे चालले, की आम्ही ते रेंगाळले असे म्हणतो. येथे पाच वर्षांत प्रकरण रेंगाळलेले नाही. काय केल्याने थर टिकत नाही, याची खात्रीची यादी त्या मुलाने तयार केली आहे, आणि पुढच्याला त्या वाटांनी पुन्हा जावे लागणार नाही. ही यादी कोणत्याही पारितोषिकास पात्र ठरत नाही. परंतु जो कोणी शेवटी टिकाऊ थर बसवील, तो या याद्यांच्या पायरीवर उभा राहूनच बसवील.

त्या मुलाच्या वडिलांना सल्ला देण्याचा आम्हाला अधिकार नाही. बँकेची नोकरी हीन नाही. आम्ही स्वतः नोकरीवरच जगलो. मुलाने परत यावे की राहावे, हे त्या घराने ठरवावे. आमची विनंती एवढीच आहे, की 'एक थरसुद्धा बसविता आला नाही' या समजुतीने ते ठरवू नये. ती समजूत खरी नाही, इतके मात्र आम्ही चार महिन्यांच्या अभ्यासानंतर निश्चयाने सांगू शकतो.

हे टिपण आम्ही त्या दोघांना त्यांच्या घरी जाऊन आधी वाचून दाखविले होते. यजमानांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "सध्याचा किती दिवस चाललाय?" आम्हाला ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतःच मुलाला फोन लावला. पाच वर्षांत प्रथमच त्यांनी कामाबद्दल विचारले, असे वहिनी नंतर म्हणाल्या. उत्तर आले : एकोणतिसावा दिवस.

वहिनी, आपण आज सभागृहात आहात. आपल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे दिले आहे. यापुढे रविवारी फोन कराल, तेव्हा 'थर बसला का?' असे विचारू नका. 'आजचा कितवा दिवस?' असे विचारा.